सायलोसायबिनच्या सेशनमध्ये गाणी कशाला? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिप्रेशनवर सायलोसायबिन या मशरूममधल्या औषधाचे प्रयोग चालू आहेत असं वाचलं. पण तिथे पेशंटला संगीत का ऐकवतात, वेळ जावा म्हणून?

अजिबात नाही. सेशन पाच-सहा तास चालतं, पेशंट डोळ्यांवर पट्टी आणि कानाला हेडफोन लावून आडवा पडलेला असतो, थेरपिस्ट शेजारी असतात पण फारसं बोलत नाहीत, मग एवढा वेळ माणसाला सोबत कोणाची तर संगीताचीच. अमेरिकेत मेरिलँडला हेलन बॉनी म्हणून म्युझिक थेरपिस्ट होत्या, स्वतः व्हायोलिन वाजवायच्या, त्यांनी आणि वॉल्टर पान्के यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलंय की एलएसडी या अशाच दुसऱ्या औषधाच्या थेरपीत औषध चढताना, शिखरावर असताना आणि उतरताना कसलं संगीत लावावं.

प्रश्न : म्हणजे चांगलं संगीत लावलं की डिप्रेशन कमी होतं?

इतकं सरळ नाहीये. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये मेंडेल केलन आणि सहकाऱ्यांनी सायलोसायबिन घेतलेल्या डिप्रेशनच्या १९ पेशंटच्या मुलाखती घेतल्या, २०१८ मध्ये पेपर आला. ज्यांना संगीत आवडलं, मनाशी जुळलं, त्यांचं डिप्रेशन आठवड्याने जास्त कमी झालेलं दिसलं, औषध किती जोरात चढलं त्याचा मात्र तसा संबंध दिसला नाही. आणि काहींना एखादा तुकडा नकोसाही झाला. माणसं थोडी होती, त्यामुळे संगीतानेच बरं वाटलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मला हे फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : आपल्या लोकांसाठी राग चालतील का?

का नाही? जॉन्स हॉपकिन्सला सिगारेट सोडवण्याच्या एका छोट्या प्रयोगात, दहाच जण होते, पाश्चात्त्य क्लासिकल आणि गाँग-बाऊल वगैरे दोन्ही लावून बघितलं, ठळक फरक नाही आला. फक्त आपले कान ओळखून निवडायला हवं. भैरवी लागली की मैफल संपली हे आपल्याला लहानपणापासून माहीत, ती मधेच लावली तर मन घरी निघेल ना! आणि कळणाऱ्या भाषेतली गाणी शक्यतो नकोत, शब्द कळले की मन अर्थामागे धावतं.

प्रश्न : मुलाला दोन वर्षं डिप्रेशन आहे. तो म्हणतो प्लेलिस्ट ऑनलाइन मिळते, घरीच करून बघू.

ताई, प्लीज नको. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली हे औषध घेणं गुन्हा आहे, आणि प्रयोगांत सायकोसिस (भास-भ्रम होणं) किंवा बायपोलरचा (मूड टोकाचा वर-खाली होणं) त्रास असलेल्यांना आधीच चाळून बाजूला ठेवतात, घरी ते कोण करणार? चालू गोळ्याही त्याने मनाने बंद करू नयेत. हे सगळं त्याच्या सायकियाट्रिस्टशी मोकळेपणाने बोला, आणि रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.