उत्तर: मुलगी 21 ची होत असताना आय-140 प्रीमियममध्ये भरावा का?

आपली मुलगी पुढच्या वर्षी 21 पूर्ण करेल आणि नवी कंपनी आय-140 (अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी कंपनीने करावयाचा अर्ज) प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा शुल्क देऊन जलद निकालासाठी, भरू पाहते, त्यास होकार द्यावा का, असे आपण विचारले आहे. वाचताना 2013 सालचे आमचे घर डोळ्यांपुढे आले. मी वकील नाही आणि आपले प्रकरण वेगळे असू शकेल. तरी सही करण्यापूर्वी हे वाचावे, ही विनंती.

आमचा आय-140 कंपनीच्या वकिलांनी प्रीमियममध्ये भरला आणि तो 11 दिवसांत मंजूर झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. 21 ओलांडलेल्या मुलाला पालकांच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळत नाही; पण 2002 च्या सीएसपीए (मुलांच्या वयाला संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार मुलाच्या वयातून जे दिवस वजा होतात, ते आय-140 प्रलंबित राहिल्याचेच दिवस असतात, हे त्या कार्यालयातील कोणीही आम्हांला सांगितले नाही. 2022 च्या आरंभी आमची प्रायॉरिटी डेट (रांगेतील क्रमाची तारीख) करंट झाली, म्हणजे आमचा नंबर लागला, तेव्हा मुलगी 21 वर्षे 4 महिन्यांची होती. वजा झाले ते अकराच दिवस. तोच अर्ज साध्या रांगेत सहा-आठ महिने राहिला असता, तर कायद्याच्या हिशेबात ती 21 च्या आत बसली असती. आम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाले आणि सहाव्या वर्षी आमचे बोट धरून आलेल्या मुलीला मिळाले नाही. जाब विचारल्यावर ‘आमचे अशील कंपनी आहे, कुटुंब नव्हे’ एवढेच उत्तर आले.

लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कायदेशीर दर्जा नसलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या ‘डाका’ (DACA) योजनेचा आधारही तिला नव्हता. 15 जून 2012 रोजी ज्यांना कायदेशीर दर्जा नव्हता त्यांच्यासाठीच ती योजना आहे, आणि आमच्यासारख्यांची मुले त्या दिवशी एच-4 वर (एच-1बी या कामाच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराचा व 21 खालील मुलांचा व्हिसा) होती. कागदपत्रे चोख ठेवल्यामुळेच मुले उघड्यावर पडावीत, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तारीख करंट नसेल आणि एच-1बी च्या मुदतवाढीसाठी मंजुरी तातडीने लागणार नसेल, तर प्रीमियमला नकार द्यावा. जुनी प्रायॉरिटी डेट पुढे नेता येते, पण ज्या आय-140 वर ग्रीन कार्डचा अर्ज होतो त्याचेच दिवस वजा होतात. शिवाय 15 ऑगस्ट 2025 पासून वय पुन्हा फायनल ॲक्शन तक्त्यावरून (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येण्याच्या तारखांचा सरकारी तक्ता) मोजले जाते, त्यामुळे 2023-24 मधील, वेगळ्या तक्त्यावर बेतलेल्या उत्तरांवर हिशेब बेतू नये.

एफ-1 चा (विद्यार्थी व्हिसाचा) अर्ज मात्र एच-4 चालू असताना, वाढदिवसाच्या बऱ्याच आधी जावा. आणि तिची आय-94 ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) तारीख आजच पाहावी. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि विमानतळावर मुदत अनेकदा पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच मिळते.