वाचलेलं लक्षात राहत नसेल तर पुस्तक मिटायला शिकवा

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, रोज तीन-चार तास पुस्तक घेऊन बसतो, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही सांगता येत नाही. स्मरणशक्ती वाढवायच्या गोळ्या सुरू कराव्यात का? माझं स्पष्ट मत: गोळ्यांच्या नादाला लागू नका. इतका वेळ बसणाऱ्या मुलाची मेहनत कमी पडत नाहीये. तो अभ्यास नेमका कसा करतो, ते एकदा शेजारी बसून बघा.

मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांना शिकवतो. बहुतेकांची रीत ठरलेली असते. धडा वाचायचा, ओळी रंगवायच्या, परत वाचायचा. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटू लागतं आणि ‘झाला धडा’ म्हणून पुस्तक बंद होतं. पण समोर दिसलेलं ओळखणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवणं वेगळं. परीक्षेत हे दुसरंच लागतं, आणि त्याचा सराव मुलाने केलेलाच नसतो.

यावर रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं: दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, लिहून काढलेल्यातलं ५६. लिहिताना काय चुकलं, हेही त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. फक्त आठवायची धडपड केली, त्याचा हा फरक.

घरी हे असं करा. समजा, हृदयाचा धडा आहे. एकदा नीट समजून वाचू दे. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर रक्ताचा प्रवास लिहायला सांगा. शरीरातून आलेलं रक्त उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), तिथून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात), इथपर्यंत मुलं पटकन येतात. पुढे अडतात. रक्त फुफ्फुसाकडे नेणारी धमनी की शीर? धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असतं असं डोक्यात बसलेलं असतं, आणि फुफ्फुस धमनी नेमकी त्याला अपवाद आहे. अडला की लगेच उत्तर सांगू नका. मिनिटभर झगडू दे, जमेल तसं लिहू दे, मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनने त्यालाच दुरुस्त करू दे. पुढच्या वेळी सगळा धडा नको, तो रंगीत भाग आधी. पहिले काही दिवस कागद अर्धा कोराच राहील आणि तो वैतागेल. त्या दिवसांत त्याच्या पाठीशी राहा, कारण याच टप्प्यावर मुलं परत नुसत्या वाचनाकडे वळतात.

दुसरी गोष्ट अंतराची. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत वेगाने निसटतं, नंतर तो वेग मंदावतो. म्हणून एकाच रात्री चार वेळा घोकण्यापेक्षा तीच चार आवर्तनं पसरवा: दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. हे आकडे काटेकोर पाळायची गरज नाही, थोडं विसरायला लागल्यावर आठवायला लावणं महत्त्वाचं. आणि प्रत्येक आवर्तन मिटल्या पुस्तकाचंच हवं.

सनावळ्या किंवा नुसती नावांची यादी असेल तर आद्याक्षरांचं वाक्य वगैरे युक्त्या चालतात. समजून घेण्याच्या विषयात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

झोपेला मात्र कात्री लावू नका. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. मोबाईल अभ्यासाच्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. लक्षच गेलं नाही ते लक्षात कुठून राहणार?

तुम्ही रोज ‘वाचून झालं का?’ विचारत असाल तर त्याऐवजी ‘आज काय वाचलंस ते मला समजावून सांग’ म्हणा. तुम्हाला विषय येत नसेल तर उत्तमच, त्याला मुळापासून सांगावं लागेल.

तीन-चार आठवडे हे नेटाने करूनही फरक पडला नाही, किंवा वाचतानाच तो अडखळतो, ओळी गाळतो, अक्षरांची अदलाबदल करतो असं दिसलं, तर मात्र डोळे आणि कान तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. अशा मुलांना ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खावी लागतात, आणि अडचण वेगळीच असते.