यदाश्रौषम्

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. लोकलमध्ये दांडीला लटकून, कानात इअरफोन घालून महाभारत ऐकतेस, आणि वर त्याची लाज वाटते म्हणतेस! बाकीचे जाडजूड खंड वाचतात, 'मी आपली नुसती ऐकते'. अगं, ज्या ग्रंथातलं अख्खं युद्ध एका आंधळ्या राजाला ऐकवलेलं आहे, तो कानाने शिकायला कसली लाज? भीष्मपर्वाच्या सुरुवातीला व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो नको म्हणतो. आप्तांचा वध बघवणार नाही, पण ऐकायचं मात्र सगळं आहे.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात देवळात पोथी लागे, ती खांबाला टेकून वाती वळत बसे. पुराणिकबुवांनी ओवी गाळली की तिचे हात थांबत. बुवा मुकाट्याने एक पान मागे जात.

तर ऐक, खुशाल ऐक. पण तुझ्या टिपणात एक चूक आहे, आणि ती मला फार आवडली. आदिपर्वात धृतराष्ट्राचा विलाप आहे. प्रत्येक श्लोक 'यदाश्रौषं' असा उघडतो, म्हणजे 'जेव्हा मी ऐकलं'. अर्जुनाने लक्ष्य भेदलं हे ऐकलं, रडणारी द्रौपदी एकवस्त्रा सभेत नेली हे ऐकलं... आणि शेवटी पालुपद, 'तदा नाशंसे विजयाय सञ्जय'. तू अर्थ लिहिलास, 'तेव्हा विजयाचा नाश झाला'. मराठी कानाला तिथे 'नाश' ऐकू येणारच. पण ते आहे न आणि आशंसे. 'तेव्हा मला जयाची आशा उरली नाही, संजया.' संधी कानाला फसवतो. म्हणून एकच भाग तीनदा घे. आधी नुसता ऐक, अर्थाच्या मागे लागू नकोस. मग घरी पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून ऐक. तिसऱ्यांदा पुन्हा लोकलमध्ये. तिसऱ्या खेपेला पदं आपोआप सुटी होतात.

वेगाबद्दल विचारलंस. गोष्टरूप कथन हवं तर पळव, मूळ श्लोक कधीच नाही. अनुष्टुभ हे श्लोकाचं नेहमीचं वृत्त, त्याचे आठ-आठ अक्षरांचे चार चरण बोटांच्या पेरांवर मोजता आले पाहिजेत. एकदा ती चाल अंगात भिनली की वर सांगितलेल्या विलापात चरण अकरा-बारा अक्षरांवर गेलेला तुला न सांगता कळेल. द्रोणपर्वात युधिष्ठिर 'कुंजर' हा शब्द अस्पष्ट उच्चारतो, 'अव्यक्तमब्रवीत्'. ते ऐकून द्रोणांसारखा माणूस खचतो आणि पुढे शस्त्र टाकतो. दीडपट वेगात तुझं प्रत्येक पात्र धर्मराज होतं.

आता मुख्य गोष्ट. 'उवाच', म्हणजे 'अमुक म्हणाला', हे कधी गाळू नकोस. ते वृत्तात बसत नाही, म्हणून काही ध्वनिमुद्रणांत ते उडवलेलं असतं. असलं ध्वनिमुद्रण अभ्यासाला घेऊच नकोस. महाभारतात सौती शौनकादी ऋषींना सांगतो, त्याच्या पोटात वैशंपायन जनमेजयाला, त्याच्या पोटात संजय धृतराष्ट्राला. कोण कोणाला सांगतंय हे सुटलं की घटनांचा क्रमही सुटतो. संजय रणांगणावरून येतो आणि पहिली बातमी देतो ती 'हतो भीष्मः' ही. दहा दिवस होऊन गेलेत. त्यानंतर म्हातारा पहिल्यापासून सांग म्हणतो, आणि मग येतं 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे'. 'किमकुर्वत', काय केलं? भूतकाळ आहे तो. गीता ऐकणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्म पडल्याचं आधीच माहीत आहे. गीता सुटी ऐकलीस तर हे कानावर पडणारच नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत ऐटीत सांगितलं, अभिमन्यूने चक्रव्यूह गर्भात ऐकला, सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेरची वाट राहिली. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, 'कुठल्या पर्वात?' मी गप्प. कीर्तनात ऐकलेलं, मनात पक्कं बसलेलं. द्रोणपर्वात अभिमन्यू एवढंच म्हणतो, 'उपदिष्टो हि मे पित्रा', वडिलांनी व्यूह भेदायला शिकवलं, संकटात बाहेर पडणं मला जमणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून १९६६ मध्ये पुरी केलेली चिकित्सित आवृत्ती आहे ना, तिच्यात सुभद्रेची डुलकी सापडत नाही. म्हणून कीर्तनाला खोटं म्हणू नकोस हं, ती गोष्ट अप्रतिमच आहे. फक्त वहीत दोन रकाने कर, एक 'ऐकलं', दुसरा 'सापडलं, पर्व-अध्याय'. दुसरा रकाना रिकामा राहिला तरी पहिला खोडायचा नाही.

आणि रात्री गादीवर पडून ऐकतेस ते बंद कर. सुभद्रेचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

शांतिपर्व एवढ्यात लावू नकोस. फार मोठं आहे, शरशय्येवरचे भीष्म बोलत राहतात आणि तुझं स्टेशन निघून जाईल.

तुझा,
सर

ता. क. रोज किती ऐकायचं ते राहिलंच. रामायणाच्या उत्तरकांडात वाल्मीकी कुश-लवांना दिवसाला वीस सर्ग गायला सांगतात. ती गाणारी पोरं होती. तुला जाताना एक अध्याय, येताना तोच पुन्हा.