फॅरिंजियल फ्लॅपनंतरचं घोरणं आणि श्वास अडकणं

गेंगाण्या बोलण्यासाठी सहा वर्षांच्या मुलीचा फॅरिंजियल फ्लॅप केला, तीन आठवडे झाले, ती रात्री मोठ्याने घोरते, हे चालायचंच का, असं तुम्ही विचारलंत. घोरणं चालेल, श्वास अडकणं नाही.

या शस्त्रक्रियेत घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी उचलून मऊ टाळूला शिवतात. नाकाकडची वाट मुद्दामच अरुंद होते, दोन्ही कडांना एकेक फट उरते. बोलताना ती मिटावी, श्वास घेताना उघडी राहावी, हा सगळा डाव. सूज असेपर्यंत फटी जवळपास बुजलेल्या असतात, त्यात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. सर्वांत जोखमीचे पहिले 24 ते 48 तास तुम्ही ओलांडलेत. आता घोरणं आठवड्यागणिक उतरायला हवं. वाढत असेल, तर थांबू नका.

दिवा लावून, छाती उघडी ठेवून गाढ झोपेतला दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. छाती-पोट हलतंय पण आवाज बंद, मग एकदम धापेसारखा श्वास, असं दिसलं तर तो व्हिडिओ सर्जनना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त. ओठ निळे पडले, जागेपणीही बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले किंवा तोंडातून ताजं रक्त आलं, तर व्हिडिओ वगैरे सोडा, थेट इमर्जन्सी गाठा.

कोडीन, ट्रामाडोल किंवा गुंगी आणणारं सर्दीचं औषध स्वतःहून देऊ नका. झोपवताना कुशीवर, डोकं थोडं उंच.

टॉन्सिल मोठे आहेत का, हे जरूर विचारा. ते नेमके त्या फटींवर येतात, म्हणून बरेच सर्जन ते फ्लॅपच्या काही आठवडे आधीच काढतात. जन्मतः जबडा लहान असलेल्या मुलांत धोका आणखी जास्त.

शंका राहिली तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर नोंदवणारी तपासणी. मुलांमध्ये तासाला श्वासाचे एकापेक्षा जास्त अडथळे म्हणजे असामान्य, 10 किंवा अधिक म्हणजे तीव्र. बोटावरचा ऑक्सिमीटर रात्रभर 96 दाखवत राहिला तरी अडथळे नाहीत असं म्हणता येत नाही. तीव्र असेल तर आधी सीपॅप (मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र), आणि काही महिन्यांनीही हटलं नाही तर फटी मोठ्या करणं किंवा फ्लॅप सोडवणं. फ्लॅप सोडवला की बोलणं पूर्ववत बिघडतंच असं नाही.

पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना फ्लॅपचं सांगा. नाकातून नळी अंदाजाने सरकवली तर तो फाटू शकतो.