जपानी अडतंय, की विचारणं?

मी समुपदेशक. ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे एका ठरावीक काळजीचे फोन सुरू होतात. जपानी विद्यापीठांची दुसरी सहामाही सप्टेंबरअखेर सुरू होते. पुण्याहून एक्स्चेंजवर गेलेली मुलं सुरुवातीला भरभरून फोटो पाठवतात आणि मग एका रात्री घरी रडत फोन करतात. "इथे काही कळत नाही, बोलता येत नाही, मी परत येते." आई मला विचारते, "मॅडम, भाषा पक्की करून पाठवायला हवं होतं का? बोलावून घेऊ का?"

उत्तरादाखल एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, शाळेपासून पहिल्या तिनांत. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी झालेली, तिच्या वरच्या एन-३ चा अभ्यास चाललेला. ओसाकाजवळच्या विद्यापीठात वर्षभरासाठी गेली होती. आपल्याकडे संध्याकाळचे सहा, तिच्याकडे साडेनऊ, अशा वेळी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलायचो. पहिल्याच भेटीत तिने स्वतःचा निकाल लावून टाकला.

"मॅडम, माझं सर्टिफिकेट खोटं आहे."

खोटं मुळीच नव्हतं. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात, तेही पर्यायांवर खुणा करून. बोलायला कोणी लावतच नाही. त्यात क्लासमध्ये शिकवतात ती 'देस-मास'ची सभ्य भाषा, आणि कॉलेजची मुलं आपसात बोलतात तोडकी, घाईची. ओसाकात तर 'चालणार नाही' अशा अर्थाच्या 'दामे'च्या जागी 'आकान' ऐकू येतं. दुकानातला माणूस पुन्हा तिसऱ्याच, अतिआदराच्या भाषेत विचारतो. चांगला शिकलेलाही गडबडेल. हे सांगितलं की बहुतेकांचा अर्धा भार उतरतो. हिचा उतरला नाही. म्हणून मी म्हटलं, "कसं वाटतं ते राहू दे. काय घडतं ते सांग."

तर घडायचं असं. कोंबिनीत, म्हणजे तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरवरचा मुलगा काहीतरी विचारायचा. ही मान हलवून 'हाइ', म्हणजे 'हो', म्हणायची. तो प्रश्न बहुधा पिशवीचा असायचा. जुलै २०२० पासून तिथे प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. पाठीवर सॅक असताना ही रोज विकतची पिशवी घेऊन यायची. कधी प्रश्न 'डबा गरम करू का' असा असायचा, मग रात्री खायचा डबा सकाळीच गरम करून मिळायचा. पुढे लॅबमधल्या सीनियरने सेमिनारची वेळ बदलल्याचं सांगितलं, त्यालाही ही 'हाइ' म्हणाली आणि चुकीच्या वेळी पोचली. त्यानंतर ज्या दुकानात माणसाशी बोलावं लागतं, तिथे जाणंच तिने बंद केलं.

"'परत सांगाल का' एवढं जपानीत म्हणता येत नाही?"

"येतं की! मो इचिदो ओनेगाइशिमास. अगदी सुरुवातीलाच शिकवतात."

"इथे वर्गात शंका विचारायचीस?"

"छे! विचारली की सगळ्यांना कळतं ना, हिला आलं नाही म्हणून. मी रात्री घरी वाचून काढायचे."

"आणि शाळेत?"

ती बराच वेळ गप्प होती. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मॅडम, हे मला मराठीतसुद्धा येत नव्हतं."

मी तिला घाई केली नाही. हे वाक्य मी आधीच तिच्या हातात ठेवलं असतं, तर तिने ते नोट्ससारखं उतरवून घेतलं असतं. आपल्याकडची हुशार मुलं न कळलेलं झाकून ठेवण्यात तरबेज होतात, कारण झाकायला रात्र मिळते. काउंटरवर रात्र मिळत नाही. जपानीने तिला नापास केलं नव्हतं. तिची जुनी सवय उघडी पाडली होती.

मी घडले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर. 'अचूक बोलता आलं तर बरं' ही इच्छा झाली. 'बोलेन तर अचूकच' हा हट्ट. नुसत्या पटवण्याने हट्ट सुटत नाही, ज्याची लाज वाटते ते मुद्दाम करावं लागतं. तिला काम दिलं: रोज एका तरी ठिकाणी 'परत सांगा' म्हणायचं. कळलं असलं तरी म्हणायचं.

"कळलेलं असताना? बावळट दिसेन मी!"

"दिस की."

काउंटरवरच्या मुलाने पिशवी हातात धरून दाखवली. सीनियरने कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, लिहून वर बारीक हिरागाना लिपीत उच्चार लिहून दिला. एकदा मात्र रांगेतल्या मागच्या माणसाने जोरात सुस्कारा सोडला. मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम त्या सुस्काऱ्याने केलं. जिची भीती होती ती गोष्ट घडली, आणि ही तिथे उभी होती, हातात बिल घेऊन.

मुलांनो, अशा वेळी खोलीत कोंडून घेऊन नेहमीच्या वापरातल्या २१३६ 'जोयो' कांजी पाठ करायला बसू नका. तो अभ्यास वाटतो, पण बरेचदा ती पळवाट असते. अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला एक जपानी विद्यार्थी 'ट्यूटर' म्हणून देतात. पत्त्याची नोंद १४ दिवसांत करावी लागते, त्या वॉर्ड ऑफिसच्या कामाला त्याला सोबत न्या. संकोच कसला, त्यासाठीच तो नेमलेला असतो.

आईवडिलांनी 'तू हुशार आहेस, जमेल तुला' हे वाक्य काही दिवस बंद ठेवावं. त्याने मूल आणखी झाकायला लागतं. त्यापेक्षा 'आज कुणाला काय विचारलंस?' असं विचारा. तिच्या आईने ते केलं आणि रोजचा रडका फोन हळूहळू गप्पांचा झाला, याचं मला त्या मुलीच्या प्रगतीइतकंच अप्रूप आहे.

बोलावून घ्यायचं का? झोप आणि जेवण जागेवर असेल, तर सहामाही पुरी होऊ द्या. भाषा पक्की करून पाठवली असती तरी ही मुलगी मान हलवतच राहिली असती. पण मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, खोलीबाहेर पडत नसेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षाशी बोलायला लावा. जगणं नकोसं झाल्याची भाषा आली, तर त्याच दिवशी विद्यापीठाला कळवा आणि तिकीट काढून स्वतः निघा. वर्ष बुडेल याचा हिशोब मग करता येतो.