‘आपल्याकडे ते सुखातच आहे ना?’

पत्र थोडक्यात असं आहे:

‘ताई, आम्ही भुसावळजवळ राहतो. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव तीन हजारांना घेतलं. मोबाइलवर फोटो आला, पैसे पाठवले, एक मुलगा पिशवीत घालून देऊन गेला. त्याच महिन्यात दुकानाला मोठी ऑर्डर मिळाली आणि सासूबाई म्हणाल्या, “घरमा लक्ष्मी उनी.” सहावीतल्या मुलीने त्याचं नाव चांदणी ठेवलं. परवा शाळेत वन्यजीवांबद्दल माहिती दिली, त्यात तिला तेच कासव दिसलं. घरी येऊन म्हणाली, “मम्मी, आपली चांदणी चोरीची आहे का?” मिस्टर म्हणतात, रानात कुत्र्या-कोल्ह्याने खाल्लं असतं, आपल्याकडे रोज केळं मिळतं, ते सुखातच आहे. आता दीर त्याच माणसाकडून जोडी मागवत आहेत. पावसाळ्यात ते पहाटेपासून गॅलरीच्या दाराला धडका देतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. गुपचूप तापीत सोडून देऊ का? की वनखात्याला सांगून घरावर संकट ओढवून घेऊ?’

ताई,

सगळ्यात आधी तापीचं. कृपा करून सोडू नका. चांदणी ‘तारा कासव’ आहे, म्हणजे जमिनीवरचं कासव. पाणकासवासारखे वल्ह्याचे पाय तिला नाहीत, खोल पाण्यात ती बुडेल. सातपुड्यात नेऊन सोडणंही तितकंच चुकीचं. या कासवांची मूळ वस्ती मुख्यतः गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर, आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूकडे आणि श्रीलंकेत. परक्या रानात ती जगेलच असं नाही, आणि घरात राहून काही आजार लागला असेल तर तो तिथल्या प्राण्यांना देऊन बसेल.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मनापासूनचा आहे. त्यांनी तिला जीव लावला असेल यात मला शंका नाही. पण ती सुखात आहे हे ठरवायचं कशावरून? तुम्ही स्वतःच लिहिलंय, पावसाळ्यात ती दाराला धडका देते. ताई, हे कासव कडक उन्हाळ्यात झुडपाखाली निपचित पडून राहतं आणि पाऊस पडला की बाहेर पडतं. तेच त्याचे हिंडायचे, जोडीदार शोधायचे दिवस. तुमच्या गॅलरीत ओल्या मातीचा वास येतो आणि तिच्या अंगातलं सगळं जागं होतं. पुढे मात्र काच असते. तुम्हाला त्या आवाजाने वाईट वाटतं, ते अगदी योग्य वाटतं.

माझ्या आजोळी, चोपड्याकडच्या एका खेड्यात, विहिरीत कासव सोडायची पद्धत होती. पाणी स्वच्छ राहतं म्हणायचे. आजोबांनीही एक सोडलं होतं, नदीतून आणून. एका वैशाखात विहीर तळाला गेली. मी नऊ-दहा वर्षांची असेन, कठड्यावरून वाकून पाहत होते. ते कासव पुढचे दोन्ही पाय दगडी बांधावर टेकायचं, नखं खरवडायचं, वीतभर चढायचं आणि घसरून पाण्यात पडायचं. पुन्हा तेच. मी दुपारभर पाहिलं. आजोबा भले माणूस होते, गाईला घास दिल्याशिवाय जेवत नसत, आणि त्या कासवाला कुणी कधी दगड मारलेलाही त्यांना चालला नसता. पण ते नदीतलं होतं आणि आमच्या विहिरीत एकटं होतं, एवढं खरं. मी तेव्हा कुणालाच काही बोलले नाही. तुमची लेक बोलली.

तिला खरं सांगा. हो, ती चोरीची आहे. ‘घरच्या पैदाशीचं आहे’ असं विकणारे सांगतात, पण आपल्याकडे हे कासव पाळायला विकत घेण्याचा कायदेशीर मार्गच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर हे तारा कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. २०१९ मध्ये सायटिस या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जिनिव्हातल्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वात कडक बंदी आली. एवढी वेळ का आली? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार कासवं रानातून उचलली जात होती. मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते, पिल्लांना मोठं व्हायला वर्षं लागतात. कोल्ह्याने एखादं नेलं तर रान ते सोसतं, या उपशापुढे कसं टिकणार? मिस्टरांना हे सांगा. चांदण्यांची ती नक्षी त्याला वाळल्या गवतात लपायला मिळालेली आहे, उन्हाचे कवडसे आणि गवताच्या काड्या यांत ते दिसेनासं होतं. तीच नक्षी पाहून आपण त्याला दिवाणखान्यात आणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि म्हणून दिरांची जोडी हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात तातडीचा भाग आहे. चांदणी पकडली गेली ते आता मागे घेता येत नाही. ती दोन कासवं कदाचित अजून माळावर असतील. अशी कासवं पाय दुमडून, टेपने चिकटवून, मोज्यात कोंबून बॅगेतून पाठवतात, असं जप्तीच्या वेळी पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जी वाटेत मरतात त्यांचे पैसे तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडून काढतो. दिरांशी आजच बोला, उद्यावर टाकू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, की देवळात देवासमोर जे दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करून आपण आत जातो, त्याला कुणी घरी उचलून नेतं का? ऑर्डर मिस्टरांच्या कष्टाने आली. सासूबाईंना हे ऐकायला आवडेलही.

आता वनखात्याचं. मिस्टरांच्या पाठीमागे फोन करू नका. त्यांच्याजवळ बसा, लेकीचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगा. मग दोघांनी मिळून आधी एखाद्या ओळखीच्या वकिलाला भेटा. स्वतःहून पुढे आलात म्हणजे गुन्हा आपोआप माफ होतो असं मी खोटं सांगणार नाही. पण आपण होऊन जाणं आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून घरी पंचनामा होणं, यांत फरक आहे हे वकीलही सांगतील. त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळवा आणि त्यांनाच येऊन न्यायला सांगा. कासव पिशवीत घालून एसटीने स्वतः नेऊ नका, ती वाहतूकही नियमात बसत नाही. विकणाऱ्याचे मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, काहीही डिलीट करू नका.

एक कटू गोष्ट लपवत नाही. चांदणी पुन्हा माळावर जाईलच असं नाही. ती कुठल्या भागातली हे कळत नाही, आणि निरनिराळ्या भागांतली कासवं एकमेकांत मिसळू देणं त्या जातीला बरं नसतं, त्यामुळे जप्त झालेली कित्येक कासवं बचाव केंद्रातच राहतात. लेकीला ‘ती घरी गेली’ असं सांगू नका. चांदणीला नीट डॉक्टर मिळेल, कदाचित तिच्या जातीची सोबत मिळेल, एवढं सांगा. लेक रडेल. रडू द्या, तुम्हीही रडा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, पावसाला आता महिनाही उरला नाही. त्याआधी हे उरका.

तोवर तिला केळं बंद. आपल्याकडे केळी घराघरात असतात म्हणून आपण देतो, पण हे गवत खाणारं कासव आहे, रोजचं गोड आणि पोळी-भात तिच्या पोटाला आणि कवचाला बाधतं. सकाळचं कोवळं ऊन तासभर अंगावर येऊ द्या, शेजारी सावली हवीच. उथळ ताटलीत पाणी ठेवा. आणि आज संध्याकाळी लेकीला अंगणातून मूठभर हरळी आणि जास्वंदीची चार पानं तोडून आणायला सांगा, तिच्याच हाताने घालू द्या.