‘सवर्ण विद्यार्थी’ नव्हे. आणि ‘मार्गदर्शन’ही नव्हे

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘स्टुडंट्स ऑफ कलर’ना, म्हणजे गोरे नसलेल्या विद्यार्थ्यांना, ‘मेंटॉरिंग’ करून संग्रहालयांच्या ‘लीडरशिप’पर्यंत नेणे, हा त्याचा विषय. ‘सवर्ण विद्यार्थ्यांना नेतृत्वासाठी मार्गदर्शन’ असे लिहिल्यावर मित्र म्हणाला, अर्थच उलटा झाला. मग काय लिहावे?

मित्राचे ऐका. ‘सवर्ण’ फोडला तर ‘वर्ण असलेला’ असेच निघते, त्यामुळे चूक कशी झाली ते कळते. पण मराठीत वर्ण म्हटले की कातडीच्या रंगाआधी चातुर्वर्ण्य उभे राहते आणि सवर्ण म्हणजे उतरंडीत वर बसलेला. ज्यांच्या तोंडावर दार लागले, तेच या वाक्यात घरमालक झाले आहेत.

‘रंगीत’ही नको. ‘कलर्ड’ अशा पाट्या अमेरिकेच्या दक्षिणेत पाण्याच्या नळांवर आणि स्टेशनांच्या प्रतीक्षागृहांवर लावलेल्या असत. तो डंख मराठीत आणायचे कारण नाही. ‘कृष्णवर्णीय’ चांगला शब्द आहे, पण इथे तोकडा पडतो, कारण लॅटिनो, आशियाई, तिथले मूळनिवासी असे सगळेच यात येतात. मी ‘गौरेतर’ लिहितो. ‘इतर’ म्हणून कुणाची ओळख ठरावी हे मलाही खटकते. तरी ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द आपल्याकडे चळवळीने स्वतःच अभिमानाने मिरवला, म्हणून ही घडण मराठी कानाला परकी नाही. हा विषयही मराठीला नवा नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.

खरी अडचण ‘मेंटॉरिंग’ची. ‘मार्गदर्शन’ हा शब्द आपण भाषणांत पार झिजवून टाकला. झेंडावंदनानंतर प्रमुख पाहुणे वीस मिनिटे बोलतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते, ‘विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले’. पाहुणे गाडीत बसले की ते संपले! मेंटॉर हे होमरच्या महाकाव्यातल्या माणसाचे नाव. ओडिसियस युद्धाला जाताना आपले घर या मित्राच्या भरवशावर सोडून गेला. त्या नावात वर्षानुवर्षांची सोबत आहे.

तिच्यासाठी मराठीत अस्सल प्रयोग आहे: ‘हाताखाली घेणे’, ‘हाताखाली तयार होणे’. गवंडी, वकील, आचारी, सगळे असेच तयार होतात. संग्रहालयातले कामही हातानेच शिकायचे असते. कोठारात पेन न्यायचे नाही, पेन्सिलच न्यायची, कारण शाईचा एक ठिपका पुसता येत नाही. चित्र उलटे करून त्याची पाठ वाचायची: जुन्या गॅलरीची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, मालकाचा शिक्का. त्यावरून चित्र कुणाकुणाच्या हातांतून आले ते जुळवायचे. शेजारी उभे राहून कुणी दाखवल्याशिवाय हे येत नाही. कलांना पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या मेलन प्रतिष्ठानच्या मदतीने लॉस एंजेलिस, शिकागो, अटलांटा, ह्यूस्टन आणि कॅन्सस सिटी इथल्या संग्रहालयांनी २०१३ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना एकेका क्युरेटरच्या, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या जाणकाराच्या, हाताखाली दिले, तेही विद्यावेतन देऊन. विद्यावेतनाचे मोल मोठे आहे. बिनपगारी उमेदवारी ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडते, आणि बाकीच्यांची वाट तिथेच बंद होते.

पण ‘हाताखाली’ एवढ्यानेही अर्थ पुरता येत नाही. मेलनच्याच २०१५ च्या पाहणीत क्युरेटर, जतनतज्ज्ञ, शिक्षणविभाग आणि वरिष्ठ पदे यांत ८४ टक्के माणसे गोरी निघाली. आफ्रिकी-अमेरिकी अवघी ४ टक्के. पहारा आणि देखभालीच्या कामांत मात्र गौरेतर पुष्कळ होते. अशा ठिकाणी वाट दाखवणारा पुरत नाही, वाट करून देणारा लागतो. त्याला आपल्याकडे ‘पाठीराखा’ म्हणतात.

असा पाठिंबा कसा दिसतो ते पाहा. क्युरेटर थेल्मा गोल्डन १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या स्टुडिओ म्युझियममध्ये उमेदवारी करत होत्या. हे संग्रहालय १९६८ साली, आफ्रिकी वंशाच्या कलावंतांसाठीच निघालेले. पुढच्याच वर्षी त्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या. २००० मध्ये हार्लेमला परतल्या तेव्हा संचालकपदी लोअरी स्टोक्स सिम्स होत्या, न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अनेक वर्षे काढून आलेल्या. त्यांच्या सोबत पाच वर्षे काम केल्यावर २००५ साली गोल्डनच संचालक झाल्या. एकीने जागा सांभाळली आणि पुढे दुसरीच्या हाती दिली. म्हणून ‘लीडरशिप’ला इथे ‘नेतृत्व’ नको, त्यात मोर्चा आणि मतदारसंघ डोळ्यांपुढे येतो. ‘सूत्रे’ म्हणा.

‘क्युरेटर’ला सरकारी मराठीत ‘अभिरक्षक’ आहे. मूळ लॅटिन शब्दातही काळजी वाहणेच आहे, त्यामुळे तो अर्थाने चपखल बसतो, मात्र तुमच्या वाचकाला ‘क्युरेटर’ लवकर कळेल, तोच ठेवा.

मी वाक्य असे लिहीन: ‘गौरेतर विद्यार्थ्यांना हाताखाली घेऊन, त्यांच्या पाठीशी उभे राहून, कलासंग्रहालयांची सूत्रे त्यांच्या हाती येतील असे त्यांना तयार करणे.’ लांब झाले खरे. मथळ्यासाठी ‘हाताखाली घेऊन सूत्रांपर्यंत’ चालेल.